याले टाइम कोन सांगस?

आमच्या पारोळ्याच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आठवड्याला दोन मिनिटं मागे पडतं. आबा, म्हणजे माझे आजोबा, पूर्वी ते आकाशवाणी जळगाव ऐकून लावायचे. मग घरात सीडीएमएचा मोबाईल आला. 2003 साली रिलायन्सने 501 रुपये भरून हँडसेट देण्याची स्कीम काढली होती, त्या लाटेतला. मी कळती झाले तोवर आबांचा रेडिओ सुटला होता आणि दर रविवारी मोबाईल बघून घड्याळ लावणं सुरू झालं होतं.

त्या फोनमध्ये टाइम सेट करायची सोयच नव्हती. बॅटरी काढून घातली की टाइमची जागा रिकामी. टॉवर सापडला की टाइम हजर, तोही अगदी बरोबर! एकदा आबांनी मला विचारलं, "याले टाइम कोन सांगस?" मी तेव्हा जळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये तिसरीत. "नेटवर्क!" असं म्हणून मी खेळायला पळाले. आबा नुसते हसले.

पुढे देशातली सीडीएमए सेवा बंद झाली आणि फोन कपाटात गेला. खरं उत्तर मला थर्ड इयरला मोबाईल कम्युनिकेशन शिकताना मिळालं. दिवाळीच्या सुटीत मी मोठ्या तोऱ्यात आबांसमोर बसले. पायलट चॅनल, पीएन ऑफसेट, सिंक चॅनल... व्हायव्हासारखं धडाधड सांगितलं. आबा "हां, हां" करत राहिले. त्यांना काहीच कळलं नाही की ते असं "हां, हां" करतात. व्हायव्हात मार्क मिळाले होते, पण इथे मी साफ नापास!

पहाटे देवळातल्या काकडआरतीने जाग आली आणि एकदम सुचलं. चहाच्या वेळी पुन्हा सुरुवात केली.

"आबा, समजा 512 देवळं आहेत. सगळीकडे आरती एकच, संपली की पुन्हा पहिल्यापासून. पण दुसरं देऊळ पहिल्याच्या एक कडवं मागून सुरू करतं, तिसरं दोन कडवी मागून. फोन म्हणजे परगावचा पाहुणा. त्याच्याकडे घड्याळ नाही. तो बोलत नाही, आधी ऐकतो. सगळ्यात मोठ्याने येणारी आरती पकडतो, तिच्या ठेक्यावर येतो. मग तिथला पुजारी त्याला सांगतो, हे अमुक देऊळ आणि आत्ता इतके वाजले. त्या एका वेळेवरून बाकीची देवळंही त्याला ओळखता येतात."

मित्रांनो, ही आरती म्हणजे 32,768 चिप्सचा पायलट कोड. सेकंदाला 12,28,800 चिप्स या वेगाने तो 26.67 मिलिसेकंदांत संपतो आणि पुन्हा सुरू होतो. पुजारी म्हणजे सिंक चॅनल. तो 6 जानेवारी 1980 पासून मोजत आलेली वेळ सांगतो आणि स्थानिक वेळेसाठी किती अर्धे तास मिळवायचे तेही. आपल्या देशासाठी तो आकडा 11, म्हणजे साडेपाच तास.

"आणि एखाद्या देवळाने आरती उशिरा सुरू केली तर?" आबांनी विचारलं. माझ्या सरांनी हाच प्रश्न विचारला होता! मग फोन त्याला दुसरंच देऊळ समजेल. म्हणून प्रत्येक सीडीएमए टॉवरवर जीपीएसचा अँटेना असायचा. जळगावात सूर्य माथ्यावर आल्यानंतर तीनेक मिनिटांनी तो धुळ्यात माथ्यावर येतो, पण जळगाव आणि धुळ्याच्या टॉवरांना दहा मायक्रोसेकंदांचाही फरक चालत नव्हता. म्हणून तर हायवेने जाताना फोन जुना टॉवर सोडण्याआधी नवा धरू शकायचा, बोलणं न तुटता. सीडीएमए गेलं, पण आजच्या फाइव्ह-जी टॉवरांनाही असंच एकमेकांच्या वेळेत राहावं लागतं.

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग त्या उपग्रहले टाइम कोन सांगस?"

उपग्रहात अणुघड्याळं असतात, जमिनीवरची केंद्रं ती सतत तपासतात. आणि सेकंद म्हणजे सीझियमच्या अणूशी बांधलेली 9,192,631,770 आंदोलनं. हे मी अडखळत का होईना, मराठीत सांगितलं. या वेळी आबांनी "हां, हां" केलं नाही. त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले. दोनाची उत्तरं मला आली नाहीत.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आबा एरवी माझ्याशी मुद्दाम शुद्ध मराठीत बोलतात, कारण माझी अहिराणी कच्ची आहे. मनापासून काही विचारायचं असलं की तेवढी अहिराणी निसटते. इतकी वर्षं तेच माझ्या ठेक्यावर येत होते. मी मात्र न ऐकताच बोलत होते.

आता दर रविवारी हॉस्टेलवरून मी आबांना फोन करते. सुरुवात ठरलेली असते. ते विचारतात, "किती वाजले?" मी सांगते, आणि पारोळ्याचं घड्याळ दोन मिनिटं पुढे सरकतं. मग मी गप्प बसते आणि आबा अहिराणीत बोलतात.