दाब, धर, सोड

नव्या स्कूटरच्या किमतीपेक्षा कमी पैशांत आज जुनी मारुती ८०० मिळते. टायर गुळगुळीत झालेले, दाराच्या खालच्या कडेला पत्रा फुगलेला, सीट फाटून फोम वर आलेला, सेल्फ मारला की बराच वेळ घरघरून मग कुठे सुरू होणारी. पण कागदपत्रं शाबूत आणि इंजिन जिवंत. अशी गाडी दारात आली की घरचे एकच विचारतात, की एवढे पैसे घालायचे होते तर हप्त्यावर चांगली गाडी का नाही घेतली? हिशेबाने त्यांचं बरोबरच असतं. गाडी ज्या किमतीला आली, जवळपास तेवढीच रक्कम पुढे सुट्या भागांवर जाते. तरीही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी सकाळी कोणीतरी बाह्या सरसावून बॉनेटमध्ये वाकलेला दिसतो. तो पैसे वाचवत नसतो. स्वतःच्या मालकीची वस्तू आतून कशी चालते हे त्याला हाताने कळून घ्यायचं असतं, आणि ही गाडी ते कळू देते.

१९८३ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीतल्या एका ग्राहकाला मिळाली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. मुंबई-पुण्यात तर एप्रिल २०१० मध्ये नवे प्रदूषण-निकष आले तेव्हाच विक्री बंद झाली, म्हणजे पुणे पासिंगची अगदी शेवटची ८०० सुद्धा आता पंधरा वर्षांच्या पुढे गेली आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, साधारण साडेसहाशे किलो वजन. बंद पडली तर दोन माणसं ढकलत बाजूला घेतात. बॉनेट उघडलं की प्लग, डिस्ट्रिब्युटर, रेडिएटर, बॅटरी सगळं समोर दिसतं आणि प्रत्येकापर्यंत हात पोचतो. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा असे मोजके पाने, एक प्लग पाना, पक्कड आणि बरा स्क्रू-ड्रायव्हर एवढ्यावर पुष्कळ कामं निघतात. हल्लीच्या गाडीत इंजिनावर प्लास्टिकचं झाकण असतं आणि बिघाड शोधायला आधी स्कॅनर जोडावा लागतो. नव्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, धूर कमी सोडतात, हे खरंच. पण मालकाला त्यांनी दाराबाहेर उभं केलं आहे.

घरी काम काढणारा बहुतेकदा रंगापासून सुरुवात करतो. रंग दिसतो आणि शेजारी तो पाहतात, म्हणून हे होतं. पण क्रम चुकतो. आधी पायाखालची मॅट उचलावी. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात दाराच्या रबरातून, काचेच्या कडेतून पाणी झिरपतं आणि मॅटखालच्या नमद्यात मुरून बसतं. वरून कोरडी वाटणारी मॅट उचलली की ओल्या गोणपाटासारखा वास येतो आणि पत्र्यावर तांबूस खपल्या दिसतात. त्या खपल्यांवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. टणक आवाज आला तर गंज वरवरचा आहे: तारेच्या ब्रशने खरवडून, पॉलिश पेपर मारून, रेड ऑक्साईडचे दोन हात दिले की भागतं. आवाज बसका आला आणि टोक आरपार गेलं तर तो पत्रा कापून नवा जोडावा लागतो. तिथे लांबी भरून वर रंग मारणं ही फसवणूक आहे. विकणारे ती सर्रास करतात. आणि जिथे सस्पेन्शन किंवा सीटबेल्टचा बोल्ट बसतो तिथला पत्रा कुजला असेल, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

पत्र्यानंतर ब्रेक. इंजिन सुरू होत नसेल तर गाडी जागेवर उभी राहते, त्यात कोणाचं काही जात नाही. ब्रेक लागत नसतील तर जातं. त्यामुळे चालत्या इंजिनाचा मोह बाजूला ठेवून आधी चाकं काढायची. गाडी नुसत्या जॅकवर सोडून तिच्याखाली कधीही जायचं नाही. आपल्याकडे जॅकच्या जोडीला विटा लावतात, पण भाजकी वीट भार आला की इशारा न देता फुटते. लोखंडी स्टँड घ्यावेत. ते फार महाग नसतात.

मागच्या चाकाचा ड्रम वर्षानुवर्षं उघडलेला नसला तर तो हबला घट्ट धरून बसतो. गंज सोडवणारं तेल मारून, कडेने हळूहळू ठोकत तो सुटला की आत काळ्या भुकटीचा थर असतो. ती तोंडाने फुंकायची नाही. जुन्या ब्रेक शूंमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेलं असे आणि त्याचे तंतू फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं. मग व्हील सिलिंडर पाहायचा. त्याच्या रबरी टोपीची कड बोटाने उचलली आणि आत ओल लागली तर गळती आहे. अशा वेळी शू कितीही जाड असला तरी ब्रेक ऑइल प्यायलेला शू टाकूनच द्यावा लागतो, आणि दोन्ही बाजूंचे शू एकदमच बदलावे लागतात, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एकीकडे ओढते.

सगळं पुन्हा बसलं की नळीतली हवा काढायची. हे काम एकट्याचं नाही, म्हणून घरातल्या कोणाला तरी हाक जाते. शाळकरी मुलगी ड्रायव्हरच्या सीटवर पुढे सरकून बसते, बाप मागच्या चाकापाशी जमिनीवर आडवा. चाकामागच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी.

‘दाब.’

‘दाबलं, बाबा.’

‘धर. सोडू नकोस.’ अर्धा आटा निपल ढिला होतो, बाटलीत बुडबुडे येतात. ‘बाबा, पाय खाली गेला!’ ‘जाऊ दे. धरून ठेव.’ निपल घट्ट होतो. ‘आता सोड.’

हेच पुन्हा पुन्हा. मध्येच वरची टाकी भरायला विसरलं तर तिथून नवी हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी बुडबुडे थांबतात, नळीतून स्वच्छ धार येते आणि पेडल अर्ध्यात येऊन टणक लागतं. हे टणक लागणं तळपायाला कळतं, आणि ज्याला ते एकदा कळलं त्या मुलीला पुढे कुठल्याही गाडीचं पेडल स्पंजासारखं लागलं तर लगेच उमजतं.

हवा काढताना जुनं ऑइलही बदललं जातं, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-३ प्रतीचं ताजं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंश धरतात. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. वरंधा किंवा आंबेनळी घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असतो, ड्रम तापतात, ओलसर ऑइल उकळून त्यात वाफ होते आणि दाबली जाते ती वाफच. पेडल थेट तळाला जातं. ज्या गाडीचं ऑइल कित्येक वर्षांत बदललेलं नाही ती घाटात नेऊ नये, एवढं ठामपणे सांगायलाच हवं.

इंजिन तसं मनमोकळं आहे. तीन प्लग काढून कागदावर ओळीने ठेवले की तीन सिलिंडरांची हकीकत समोर येते. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडं, काजळीने काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. कार्ब्युरेटर किंवा तुंबलेला एअर फिल्टर पाहायचा. एकच प्लग तेलकट असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगांवरून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल वर येतंय. जुन्या इंजिनात तापण्याची तक्रारही नेहमीची. वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतल्याने रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी चोंदलेल्या असतात आणि तापणं थांबावं म्हणून कोण्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. तो परत बसवावा, रेडिएटर साफ करून कूलंट भरावं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा जोरात तापलं की वाकतं आणि मग हेड गॅस्केट कितीदा बदललं तरी टिकत नाही.

पेट्रोलचे रबरी पाइप मात्र न पाहताच बदलावेत. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्याला त्यातून नवं गिऱ्हाईक मिळालं ही चांगली गोष्ट. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं रबर या मिश्रणासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, भेगाळतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत कार्ब्युरेटर आणि टाकी आतून खराब होते. चालू इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल म्हणजे आग. पाइप आणि क्लिपा मिळून या गाडीवरचा हा सगळ्यात स्वस्त विमा असेल.

हे ज्ञान पुस्तकातून फारसं आलेलं नाही. मुंबईत ते टॅक्सीवाल्यांकडे होतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि तीच पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम. उन्हाळ्यात इंजिनाच्या पेट्रोल पंपात वाफ अडकून गाडी बंद पडली की चालक पंपावर ओलं फडकं टाकून थोडा वेळ थांबत आणि मग पुढे निघत. वाफ निवली की पेट्रोल पुन्हा वाहतं, इतकं सरळ त्यामागचं कारण. पण ते ठाऊक असलेला चालक रस्त्यात अडकून पडत नसे. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. गाड्यांबरोबर त्या चालकांच्या हातातलं कसबही पांगलं. गाडीची छायाचित्रं पुष्कळ निघाली, ते कसब कोणी फारसं लिहून ठेवलं नाही, याची हळहळ वाटते. आज ८०० वर रविवारी राबणारे लोक त्यातला काही भाग नकळत पुढे नेत आहेत.

सुटे भाग मिळणं हा या कामाचा निम्मा आनंद आहे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याच्या भंगारवाल्यांच्या गल्ल्या. ८०० चं नशीब असं की हेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीतही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत राहिली. त्यामुळे इंजिनाचे पुष्कळ भाग अजून नवे मिळतात. अडतं ते ट्रिम, दाराची हँडलं, काचेचं रबर अशा किरकोळ वस्तूंवर. काउंटरवरचे काका पहिला प्रश्न विचारतात, ‘कार्ब्युरेटरवाली की एमपीएफआय?’ (म्हणजे इंजेक्शनवाली), आणि दुसरा, ‘जुना पार्ट आणलाय का?’ जुना तुकडा खिशात नसेल तर ते परत पाठवतात, आणि ते त्यांचं बरोबर असतं. दोन वर्षांच्या फरकाने एकाच नावाच्या भागाची भोकं बदललेली असतात.

काही कामं घरी करूच नयेत. हेड सपाट करून घेणं, सिलिंडर बोअर करणं, ड्रम वळवणं ही लेथवाल्याची कामं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करणारे कारागीर आहेत. इंजिन घरी उतरवून हेड तेवढं त्यांच्याकडे न्यावं; ते मायक्रोमीटर लावताना शेजारी उभं राहून पाहावं. आणि निघालेलं काळं ऑइल गटारात ओतू नये, डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्यावं. घरच्या दुरुस्तीत हीच गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते.

मग येतं आरटीओ. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यापुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती १०,००० करण्यात आली. वर पर्यावरण कर वेगळा. सरकारला जुन्या गाड्या कमी व्हायला हव्या आहेत आणि त्याची कारणं खोटी नाहीत. पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तोच १९९५ मध्ये, तोही आधी फक्त चार महानगरांत. त्याआधीच्या गाडीचा धूर सरळ हवेत जातो. बीएस-२ निकषांपूर्वीच्या पेट्रोल गाडीला पीयूसीत ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो, तर बीएस-२ आणि बीएस-३ गाडीला ०.५ टक्के. असं इंजिन रोज सकाळी सिंहगड रस्त्याच्या कोंडीत उभं राहू नये.

पण फी फक्त वय विचारते. दहा वर्षांच्या, कधी ब्रेक ऑइल न बदललेल्या, टायर झिजलेल्या गाडीला आरटीओच्या खिडकीपाशी जावंही लागत नाही. आणि तेवीस वर्षांची, नवे शू, नवे पाइप, सरळ हेड आणि मिक्श्चर नीट लावलेली गाडी दहा हजार भरते. स्वयंचलित तपासणी केंद्रं आता राज्यात उभी राहत आहेत. तिथे प्रत्येक चाक रोलरवर चढवून ब्रेकचा जोर मोजता येतो, धूर मोजता येतो. मोजावं, कडक मोजावं, नापास होईल तिला घरी परत पाठवावं, आणि जी पास होईल तिच्याकडून दुप्पट फी घेण्याआधी तो आकडा एकदा वाचावा.