रिसॉर्टमधली संध्याकाळ आणि आपला नियम



मंदिरातल्या स्वाध्यायानंतर एकीने मला विचारलं, "गोव्याच्या त्या पंचतारांकित रिसॉर्टमध्ये गेला होतात म्हणे. आपल्यासारख्यांनी अशा ठिकाणी जावं का?" तिच्या विचारण्यात कुतूहल होतं आणि थोडी टोचणीही होती. जिन्याजवळ उभं राहून उत्तर देण्याजोगा तो प्रश्न नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

झालं असं. माझी बी.कॉम.ची वर्गमैत्रीण लग्न होऊन मडगावला गेली, त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. आम्ही तिला गोवेकरीण म्हणतो. या जानेवारीत तिला पासष्ट वर्षं पूर्ण झाली. मुलगा दुबईला असतो. त्याने आईला भेट म्हणून समुद्रकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये पाच जणींची संध्याकाळ ठरवून दिली. दुपारी चारला जायचं, रात्री जेवून दहापर्यंत परत यायचं. सांगलीहून आम्ही चौघी गेलो. त्यात आमच्या अक्का, वय बहात्तर. शेजारच्या वहिनी. आमच्यातली धाकटी, म्हणजे तीही बावन्न वर्षांची. आणि मी.

त्या दिवशी सकाळी गोवेकरणीने आम्हांला आधी फोंड्याजवळच्या बांदिवड्याला नेलं. तिथे नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत. जांभ्या दगडाच्या भिंती उभ्या आहेत, वर छप्पर नाही, आत मूर्ती नाही. गोव्यात एके काळी आपला समाज होता, याची ही खूण. आम्ही चपला बाहेर काढल्या आणि रिकाम्या गाभाऱ्यासमोर णमोकार म्हटला. नेमिनाथ भगवंतांची कथा आपल्या घरी लहान मुलांनाही ठाऊक असते. वरात निघाली, लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश कानी पडला आणि नेमिकुमारांनी रथ मागे फिरवला. थेट गिरनार गाठला.

तिथेच अक्का म्हणाल्या, "आज आपण भोगाच्या ठिकाणी जाणार आहोत. जायला हरकत नाही, पण मर्यादा इथेच घालून घ्या. तिथे गेल्यावर सुचायचं नाही."

अक्कांना रात्री चारही प्रकारच्या आहाराचा त्याग आहे, पाणीसुद्धा नाही. वहिनींचा आणि माझाही रात्रिभोजन त्याग आहे, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. वहिनींनी त्याशिवाय काही खरेदी न करण्याचा नियम घेतला. धाकटीला रात्रीच्या जेवणाचा त्याग नाही, फक्त दशलक्षणात ती पाळते. तिने ठरवलं, पाच जिन्नसांपलीकडे ताटात काही घ्यायचं नाही. मी जाण्यायेण्याची हद्द घालून घेतली. व्हरांडा, हिरवळ आणि समोरची वाळू, एवढंच. बाकी स्पा, दुकानं, तलाव बघत फिरायचं नाही.

पुढे बोरीचा पूल ओलांडून, मडगाववरून आम्ही समुद्राकडे गेलो. जागा सुंदर होती, ते कबूल करायला मला संकोच वाटत नाही. माडांच्या रांगा, कमळांचं तळं, उतरत्या कौलांची बैठी घरं, आणि त्यांच्या भिंती जांभ्याच्या. सकाळी जो दगड पाहिला तोच, इथे घासून गुळगुळीत केलेला. आत शिरताच गारेगार पंचे आणि उंच पेल्यांतून सरबत आलं. मी विचारलं, यात काय काय आहे? मुलगी हसून म्हणाली, लिंबू, आलं आणि मध. आलं कंदमुळात आलं आणि मध तर आपल्या मूलगुणांतच वर्ज्य. तिला तसं सांगितलं. तिने तोंड वाकडं न करता चार शहाळी आणून दिली.

जेवणाचं मात्र सोपं गेलं नाही. जेवण बुफे, साडेसातला सुरू. मी आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, तेव्हा "जैन जेवण मिळेल" असं उत्तर आलं होतं. ते खरंच मिळणार होतं, पण साडेसातला! कांदा, लसूण, बटाटा नको, एवढं आता सगळ्या हॉटेलांना पाठ झालंय. जैन जेवणाला वेळही असते, हे त्यांच्या यादीत नसतं. सूर्यास्त सहा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी होता. त्याआधी दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं सोडायची, तर साडेपाच-पावणेसहाच्या आत हात धुवायला हवा.

आम्ही म्हटलं, काही अडचण नाही, आमच्याकडे दशम्या आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी आहे. गाळून उकळलेलं पाणीही बरोबर आहे. पण गोवेकरणीचा चेहरा पडला. म्हणाली, "अगं, चाळीस वर्षांनी एकदा पंगतीला बसू म्हटलं, तर तुमचा सूर्य आडवा येतो. माझ्या वाढदिवसाला तुम्ही पिशवीतल्या दशम्या खाणार आणि रात्री मी एकटी ताट घेऊन बसणार?"

मैत्रिणींनो, खरी कसोटी होती ती इथे. नियम मोडावा असं क्षणभरही वाटलं नाही. पण नियम पाळताना समोरच्याचं मन दुखावलं, तर तीही हिंसाच ना? आपण दोन्ही हातांनी व्रत धरतो आणि पायाखाली माणूस येतो, असं पुष्कळदा होतं. शिवाय "आम्ही काही खात नाही हो तुमचं" हे वाक्य उच्चारताना आवाजात जो किंचित ताठा येतो, तो ऐकणाऱ्याला बरोबर कळतो.

मी उठून व्यवस्थापकांना भेटले. भांडायला नाही, विचारायला. त्यांनी सांगितलं, दुपारचं स्वयंपाकघर बंद झालंय आणि रात्रीची तयारी चालू आहे. तेवढ्यात मागे उभा असलेला कारवारकडचा एक तरुण स्वयंपाकी म्हणाला, "आजी, वरण-भात चालेल का? वेगळ्या भांड्यात करून देतो." त्याला काय काय नको ते सांगितलं. तूरडाळ, तांदूळ, भेंडी, नारळ, मिरची, कोथिंबीर, एवढ्यात भागेल म्हटलं. पाच वाजून पाच मिनिटांनी व्हरांड्यात पाच ताटं आली. वरण-भात, तूप, भेंडीची भाजी, फुलके, ओल्या खोबऱ्याची चटणी. आमच्या दशम्या मध्ये ठेवल्या.

पाचवं ताट गोवेकरणीचं. ती आमच्याबरोबर जेवली, दशमी दोनदा मागून घेतली. पंगत झाली. तिचं म्हणणं पंगतीचं होतं, पदार्थांचं नव्हतंच, हे तेव्हा आम्हां सगळ्यांनाच उमगलं.

वहिनी हात धुताना हळूच म्हणाल्या, "माणशी साडेतीन हजार भरलेत बाई. आपण तिघी बुफेला बसणार नाही. साडेदहा हजारांचा वरण-भात झाला हा!" गोवेकरणीने ते ऐकलं आणि खो खो हसली. मला म्हणाली, "कॉस्टिंगच्या तासाला काय शिकवलं होतं गं? गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नाही." बरोबर आहे. पैसे भरलेत म्हणून चार घास जास्त खाल्ले, तर पैसे परत येत नाहीत, अजीर्ण तेवढं पदरी पडतं. बुफेचा सगळा डोलारा "वसूल" या एका शब्दावर उभा असतो, आणि आपण बायका वसुलीत फार लवकर सापडतो.

मग आम्ही वाळूत जाऊन बसलो. गोव्याचा किनारा पश्चिमेला, त्यामुळे सूर्य थेट पाण्यात उतरताना दिसला. अक्कांनी डोळे मिटून सामायिक केलं. माझी हद्द तेवढीच असल्यामुळे मला कुठे जायची घाई नव्हती. आजूबाजूची माणसं फोटो काढून पुढच्या जागेकडे धावत होती. मी पाऊण तास एका जागी बसून समुद्र पाहिला. घरी मी पाऊण तास एका जागी कधी बसले होते, आठवत नाही.

साडेसातला हिरवळीवर दिवे लागले. एका बाजूला बर्फावर मासे मांडलेले होते. सकाळच्या बस्तीची आठवण झाली आणि आम्ही न बोलता टेबल दुसऱ्या टोकाला घेतलं. गोवेकरीण एरवी मासे खाणारी, पण त्या रात्री तिने घेतले नाहीत. आम्ही तिला तसं म्हटलं नव्हतं. दिव्यांभोवती पाखरं आणि चिलटं घिरट्या घालत होती. काही सूपच्या भांड्याच्या कडेवर पडत होती, वाढणारा मुलगा ती फडक्याने टिपत होता. रात्री का जेवू नये, हे लहानपणी आजी सांगायची तेव्हा मला वाटायचं, आता वीज आहे, आता काय? इतका झगझगीत उजेड होता, तरी पाखरं यायची थांबली नव्हती. उलट उजेडामुळेच येत होती.

धाकटी ताट घेऊन घुटमळत होती. आमच्यासमोर जेवायचं तिला ओशाळल्यासारखं वाटत होतं. अक्का म्हणाल्या, "तू जेव गं. नियम माझा आहे, तुझा नाही. तू तुझे पाच जिन्नस मोज." तिने मोजून पाच घेतले. पुडिंग घ्यायच्या आधी विचारलं, यात जिलेटिन आहे का? होतं. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, म्हणून तिने फळं घेतली. आम्ही तिघी रिकाम्या हातांनी तिच्याशी आणि गोवेकरणीशी दहापर्यंत गप्पा मारत बसलो. खाणं नव्हतं, म्हणून बोलणं फार झालं.

आता मूळ प्रश्न. जावं का? समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण हे तीन गुणव्रतांपैकी एक सांगितलं आहे. भोग म्हणजे एकदाच वापरात येतं ते, जसं अन्न. उपभोग म्हणजे पुन्हापुन्हा वापरतो ते, जसे कपडे. व्रताच्या नावात परिमाण आहे, म्हणजे माप. गृहस्थाला सगळं सोडायला सांगितलेलं नाही, मोजायला सांगितलं आहे. त्याच ग्रंथात यम आणि नियम असा भेद आहे. यम जन्मभराचा, नियम मुदतीचा. एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, काहीही चालतं. जन्मभराचं जमत नाही म्हणून पुष्कळ जणी काहीच घेत नाहीत. धाकटीचे पाच जिन्नस एका संध्याकाळपुरतेच होते, पण ते व्रतच होतं. आणि परिग्रह वस्तूत नसून मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत आहे, असं तत्त्वार्थसूत्र सांगतं. तेव्हा सुंदर जागा पाहण्यात दोष नाही. घरी आल्यावर आपलं अंगण लहान वाटू लागलं, तर समजावं की काहीतरी चिकटून आलं.

तुम्हांला असा योग आला, तर एवढं करा. फोनवर "जैन" एवढंच सांगू नका, वेळ सांगा. पाचला जेवण द्याल का, असं सरळ विचारा. पाच-सहा साध्या जिन्नसांची यादी द्या, त्यांनाही सोपं पडतं. सरबतात मध आणि आलं, गोडात जिलेटिन आणि अंडं विचारून घ्या. पाणी आणि कोरडा डबा बरोबर असू द्या. यजमानांना आधीच सांगा, आणि त्यांना आपल्या वेळेच्या पंगतीला आग्रहाने बोलवा. आपण त्यांच्या वेळेला रिकाम्या हातांनी का होईना, शेजारी बसा. आणि निघण्याआधी, घरातल्या देव्हाऱ्यासमोर, त्या एका संध्याकाळपुरती एखादी मर्यादा घ्या.

गोवेकरणीचा परवा फोन आला होता. म्हणाली, पुढच्या वेळी तुमच्याकडे येते, सूर्यास्ताच्या आत जेवायला. मी भेंडी आणून ठेवणार आहे.