पायाखालचे गवत

गेल्या डिसेंबरात आम्ही आठवी-नववीचे विद्यार्थी आणि शिक्षक बडोद्याहून जामनगरजवळच्या नरारा येथे सहलीला गेलो होतो. कच्छच्या आखातात १९८२ साली झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. ओहोटीला पाणी दूरवर मागे जाते आणि प्रवाळांपर्यंत चक्क चालत जाता येते. खेकडे, ऑक्टोपस पाहण्याची आम्हाला कोण घाई! वाटेत वाळूवर हिरवट थर लागला. तो खुशाल तुडवीत आम्ही निघालो. तेवढ्यात वाटाडे काका ओरडले, "संभाळीने चालो! शेवाळ नथी, घास छे!"

आम्ही खाली वाकून पाहिले. नखाएवढी पाने, वाळूत आडवी पसरलेली बारीक खोडे. शेवाळाला खरी मुळे नसतात. या समुद्रगवताला मुळे असतात, फुले येतात, बियाही धरतात. ते वाळू धरून ठेवते, कोळंबीला व माशांच्या पिलांना आसरा देते. डुगाँग म्हणजे समुद्रगाय तर याच कुरणांवर जगते. मोठी समुद्रगाय दिवसाला ३०-४० किलो गवत खाते. आखातात आता त्या फारच थोड्या उरल्या आहेत.

शेतातल्या पिकासारखे या गवतालाही ऊन हवे. बंदरासाठी तळ उपसला, तिवरे तोडल्याने गाळ वाहून आला, सांडपाण्यावर शेवाळ माजले, की ऊन अडते आणि गवत मरते. तळ खरवडणारी जाळी व बोटींचे नांगर तर ते मुळासकट उपटतात. १८७९ पासून जगातील ज्ञात समुद्रगवतापैकी २९ टक्के नाहीसे झाले, असे २००९ च्या एका अभ्यासात दिसून आले. समाधानाची गोष्ट अशी, की २०२२ साली तामिळनाडूने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे क्षेत्र समुद्रगायींसाठी राखून ठेवले.

परतताना आम्ही मोकळ्या वाळूवरून एकामागे एक चाललो. बसला उशीर झाला, पण कोणी कुरकुर केली नाही. रात्री फोटो पाहिले. प्रवाळांचे कितीतरी होते, गवताचा एकही नव्हता! ज्याचा फोटोही कोणी काढत नाही, ते नाहीसे झाले तर कळणार कोणाला?

विश्वस्तांना आमची विनंती आहे, की पुढच्या वर्षी सहल जरूर न्यावी, पण लहान लहान गटांनी. आणि मित्रांनो, तुम्ही जाल तेव्हा आधी पायाखाली पाहा.