अडलेल्या संसदेची बाजू

२०१९ च्या जानेवारी ते एप्रिल या काळात ब्रिटिश संसदेत जे चाललं होतं, त्याबद्दलचं माझं मत आता पूर्ण बदललं आहे. तेव्हा मी त्या साडेसहाशे खासदारांवर मनापासून चिडले होते. आज मला वाटतं, ब्रेक्झिटच्या सगळ्या प्रकरणात लोकांशी त्यातल्या त्यात खरं कुणी वागलं असेल तर ते अडलेलं सभागृहच. हे म्हणणं इथल्या, ब्रिटनमधल्या मराठी मंडळींत फारसं कुणाला पटत नाही. घरात नवऱ्यालाही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तेव्हाचा राग मला अजून नीट आठवतो. युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याची तारीख ठरली होती २९ मार्च २०१९. जानेवारीपासून रोज रात्री बातम्यांत एकच चित्र. सभापती जॉन बर्को ओरडून सभागृहाला शांत करतायत, मतं मोजणारे खासदार ओळीनं पुढे येतायत, आकडे वाचले जातायत, आणि पुन्हा काहीतरी नामंजूर. पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार १५ जानेवारीला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. आधुनिक काळात कुठल्याच ब्रिटिश सरकारनं एवढी मोठी हार खाल्ली नव्हती. १२ मार्चला तो १४९ मतांनी पडला, २९ मार्चला ५८ मतांनी. मध्येच बर्को यांनी १६०४ सालचा संकेत पुढे केला, की एकदा फेटाळलेला प्रस्ताव त्याच रूपात पुन्हा आणता येत नाही. सांगलीहून आई फोनवर विचारायची, "झालं का गं तुमचं ते ब्रेक्झिट?" मी म्हणायचे, "कसलं होतंय! यांना एक काम धड जमत नाही."

२० मार्चच्या रात्री मे बाईंनी टीव्हीवरून थेट लोकांना सांगितलं, की तुम्ही या सगळ्याला कंटाळला आहात, मी तुमच्या बाजूची आहे आणि घोळ घालतायत ते खासदार. आम्ही घरातले सगळे युरोपात राहावं या मताचे, बाई बाहेर काढायला निघालेल्या. तरी त्या रात्री मी मान डोलावली. तीनच दिवसांनी, २३ मार्चला, दुसऱ्या सार्वमताच्या मागणीसाठी लंडनमध्ये जो प्रचंड मोर्चा निघाला त्यातही मी चालत होते. 'एकदाचं उरका' आणि 'पुन्हा मत घ्या' ही दोन्ही वाक्यं एकाच आठवड्यात माझ्याच तोंडून निघाली होती, आणि दोन्ही मला खरी वाटत होती.

आता मूळ मतदानाकडे येते. २३ जून २०१६ च्या सार्वमतात मला मत होतं. राष्ट्रकुल देशांचे इथे राहणारे नागरिक मतदार होते, त्यामुळे माझा भारतीय पासपोर्ट चालला. माझी फ्रेंच सहकारी माझ्या कितीतरी आधीपासून इथे कर भरत होती, पण फ्रान्स-पोलंडच्या लोकांना मत नव्हतं. तिच्या आयुष्याचा प्रश्न माझ्या पेन्सिलीनं सुटणार होता. मतपत्रिकेवर पर्याय दोनच, राहायचं की सोडायचं. सोडलं तर पुढे कुठे जायचं, सिंगल मार्केटमध्ये (सामायिक बाजारपेठेत) राहायचं का, कस्टम्स युनियनमध्ये (सामायिक जकात-व्यवस्थेत) राहायचं का, आयर्लंडच्या सीमेचं काय, यातलं काही विचारलेलं नव्हतं. ५१.९ टक्के लोकांनी सोडायचं म्हटलं.

त्या प्रचारात ज्यानं त्यानं ज्याला जे हवं ते कबूल केलं. लाल बसवर लिहिलं होतं, की दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आरोग्यसेवेला देऊ. हा आकडा दिशाभूल करणारा आहे, असं सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणानं मतदानाच्या आधीच सांगितलं होतं. तरी बस फिरत राहिली. दक्षिण आशियाई रेस्टॉरंटवाल्यांना प्रीती पटेल यांच्यासारखे मंत्री सांगत होते, की युरोपातून येणारे कमी झाले की तुमच्या आचाऱ्यांना व्हिसा सोपा होईल. आमच्या भागातल्या एका बांगलादेशी मालकानं त्या भरवशावर सोडण्याच्या बाजूनं मत दिलं. त्याचा तंदूरवाला काही आला नाही.

माझं मत बदलायला सुरुवात झाली ती एका अगदीच वेगळ्या दिवशी. ३० डिसेंबर २०२० ला. युरोपशी झालेला बाराशेहून अधिक पानांचा व्यापार करार नाताळच्या आदल्या दिवशी जाहीर झाला होता. तो अमलात आणणारं विधेयक संसदेसमोर आलं आणि त्याच दिवशी दोन्ही सभागृहांतून मंजूर झालं. कॉमन्समध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, ५२१ विरुद्ध ७३. ना गोंधळ, ना रात्री जागवणं. एवढी पानं कुणी वाचली असतील? मच्छीमारांचं काय, उत्तर आयर्लंडला माल पाठवणाऱ्या लहान दुकानदाराचं काय, हे विचारायला वेळच नव्हता. पावणेदोन वर्षांपूर्वी मला संसद अशीच चालायला हवी होती. चटकन, मुकाट्यानं. ती तशी चाललेली पाहून मी घाबरले.

टाळेबंदीचे दिवस होते. मी २०१९ च्या चर्चांची अधिकृत नोंद वाचायला घेतली. ती कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येते. टीव्हीनं आम्हाला निकाल आणि आरडाओरडा दाखवला होता, मधली भाषणं दाखवलीच नव्हती. त्या भाषणांत मोटारींचे सुटे भाग होते, डोव्हर बंदरातले ट्रक होते, औषधांचा साठा होता, मेंढपाळ होते. सोडण्याच्या बाजूच्या मतदारसंघातले, पण स्वतः राहण्याच्या मताचे मजूर पक्षाचे खासदार आपली कोंडी उघड मांडत होते. आणि जवळजवळ प्रत्येक चर्चेत आयर्लंड होतं.

आयर्लंडबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण सगळी गाठ तिथेच होती. आयर्लंडचं प्रजासत्ताक आणि ब्रिटनचा उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आहे. तिथे तीस वर्षं रक्त सांडलं, साडेतीन हजारांहून अधिक माणसं गेली. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर हळूहळू लष्करी चौक्या हटल्या, आणि दोन्ही देश महासंघात असल्यामुळे जकातीच्या चौक्यांचीही गरज उरली नव्हती. आता ब्रिटनला कस्टम्स युनियन सोडायची, तर माल कुठेतरी तपासावाच लागणार. जमिनीवर तपासणी नको म्हटलं तर ती समुद्रात, म्हणजे ब्रिटनच्या दोन भागांमध्ये करावी लागणार. तीही नको, तर सगळ्या देशानंच युरोपच्या जकातीचे नियम पाळत राहायचं. यातलं एक काहीतरी निवडणं भाग होतं. मे बाईंनी तिसरा रस्ता निवडला आणि स्वतःच्याच हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाकडून हार खाल्ली. त्याच पक्षाचे बोरिस जॉन्सन नोव्हेंबर २०१८ मध्ये बेलफास्टला डीयूपी या तिथल्या ब्रिटनवादी पक्षाच्या अधिवेशनात म्हणाले, की समुद्रातली सीमा कुठल्याही हुजूर सरकारनं मान्य करता कामा नये. वर्षाच्या आत, पंतप्रधान म्हणून, त्यांनी तीच मान्य केली.

सीमेच्या पलीकडे होते लिओ वराडकर. वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर. २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आम्हा सगळ्यांना कोण अभिमान वाटला होता! पुढे इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांना अडवणूक करणारा माणूस ठरवलं, आणि आमच्या गप्पांतही सूर बदलला: जरा नमतं घ्यायला काय जातं यांचं? आज मला वाटतं, त्या वाटाघाटींत प्रश्न जसा होता तसाच सतत मांडणाऱ्या मोजक्या नेत्यांत ते होते. त्या सीमेवरच्या गावांची काळजी ब्रिटनच्या मंत्र्यांनी आधी करायला हवी होती. निम्मी गावं त्यांच्याच राज्यातली होती.

२७ मार्च २०१९ ला कॉमन्सनं आठ पर्यायांवर मत घेतलं. एकालाही बहुमत नाही. १ एप्रिलला चार पर्याय; पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सगळा देश हसला, मी चरफडले. पण आमच्या चार घरांच्या गल्लीत तेव्हा मत घेतलं असतं तर काय झालं असतं? शेजारचे निवृत्त गृहस्थ करार न करताच निघायच्या बाजूचे, त्यांची मुलगी बाहेर पडूनही सिंगल मार्केटमध्ये राहायच्या नॉर्वेसारख्या व्यवस्थेच्या बाजूची, मी पुन्हा सार्वमताच्या बाजूची, समोरचे म्हणायचे काहीही करा पण संपवा. आमच्यात कशालाच बहुमत नव्हतं. देशातही नव्हतं. सभागृहानं ते आकड्यांत दाखवलं, आणि आम्ही त्यालाच नालायक म्हटलं.

कस्टम्स युनियनचा प्रस्ताव १ एप्रिलला २७३ विरुद्ध २७६, फक्त तीन मतांनी पडला. तो केन क्लार्क यांचा होता. क्लार्क तेव्हा १९७० पासून खासदार होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये, बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करणारं विधेयक कॉमन्सनं ४९८ विरुद्ध ११४ मतांनी पुढे नेलं, तेव्हा हुजूर पक्षातून विरोधात मत देणारे ते एकटे. आणि तेच क्लार्क दोन वर्षांनी बाहेर पडण्याचा, पण कमी इजा करणारा मार्ग सुचवत होते. मी त्यांना हट्टी म्हातारा म्हणायचे. त्या सगळ्यांत हट्ट सोडलेला माणूस तोच होता. त्यांचा प्रस्ताव पडला, कारण एका बाजूला पूर्ण तोडायचं म्हणणारे हलले नाहीत, आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या सार्वमताची आस धरून बसलेल्या काही जणांनीही हात दिला नाही. आम्ही मोर्चेवाले त्यांना हेच सांगत होतो, की तडजोड करू नका.

नेत्यांना मी मोकळं सोडत नाही. माझा राग आहेच, फक्त तो आता आधीच्या वर्षांवर आहे. मे यांच्या आधीचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी सार्वमत लावलं आणि निकाल उलटा लागला तर काय करायचं याची तयारीच करू नका, असं खात्यांना सांगितलं. निकालाच्या सकाळी राजीनामा देऊन मोकळे झाले. मे बाईंनी जानेवारी २०१७ च्या भाषणात सिंगल मार्केट सोडणार, कस्टम्स युनियनही पूर्वीसारखी ठेवणार नाही, अशा लक्ष्मणरेषा आखल्या. त्यावर ना संसदेचं मत घेतलं ना विरोधकांशी बोलणं केलं. आणि कुठलाही आराखडा हाती नसताना २९ मार्च २०१७ ला दोन वर्षांचं घड्याळ सुरू केलं. खरं चुकलं ते तिथे. त्या ४९८ मतांच्या दिवशी आम्ही कुणी रस्त्यावर नव्हतो. मला तर ती बातमी नीट आठवतही नाही. सभागृहानं मान डोलावली तेव्हा लोक स्वस्थ होते, आणि ते प्रश्न विचारायला लागलं तेव्हा पिसाळले.

त्या पिसाळण्याचा उपयोग करून घेणारे होतेच. संसदेचा अभ्यास करणाऱ्या हॅन्सर्ड सोसायटीच्या २०१९ च्या पाहणीत ५४ टक्के लोक म्हणाले, की देशाला नियम मोडायची तयारी असलेला खंबीर नेता हवा. मला विचारलं असतं तर मीही कदाचित हो म्हटलं असतं. सप्टेंबरमध्ये जॉन्सन यांनी पाच आठवड्यांसाठी संसदच स्थगित केली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमतानं ते बेकायदा ठरवलं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला सरकारच्या विरोधात मत दिलं म्हणून क्लार्क यांच्यासह २१ खासदारांना हुजूर पक्षाच्या संसदीय गटातून काढलं होतं. संसदेबाहेर खासदारांना घेरून शिव्या देणं नेहमीचं झालं होतं. जो कॉक्स या खासदार बाईंचा सार्वमताच्या आठवडाभर आधी भर रस्त्यात खून झाला होता, तरीही 'गद्दार' हा शब्द लोकांच्या तोंडी सहज यायचा. आमच्या घरातही आला होता.

डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत 'उरकून टाका' हीच घोषणा जिंकली, ८० च्या बहुमतानं. माझं मत दुसरीकडे गेलं, पण निकाल ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं.

उरकलं मात्र नाही. समुद्रातल्या सीमेवरून उत्तर आयर्लंडमध्ये असंतोष पेटला. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीयूपी सरकारमधून बाहेर पडली आणि तिथला कारभार ठप्प झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी विंडसरला युरोपशी नवा समझोता केला, तरी बेलफास्टचं सरकार पुन्हा उभं राहायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. २०१९ मध्ये कॉमन्सनं रात्र-रात्र जागून जो प्रश्न विचारला होता, त्यावर एका प्रदेशानं दोन वर्षं सरकारविना काढली.

नवरा म्हणतो, "अगं, शेवटी त्यांना ठरवता आलं नाही, हे तर खरं ना?" ते खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. पण ठरवण्यासारखं उत्तर कुणाकडेच नसताना घाईनं ठरवणाऱ्यांचं काय झालं, तेही आम्ही दोघांनी पाहिलं आहे. आमचा वाद अजून चालू आहे. मागच्या रविवारी मी त्याला १ एप्रिलची चर्चा छापून वाचायला दिली.