समासातली जागा

वेळेला वळण लावण्याची साधने ख्रिस्तसभेला नवी नाहीत. मठवासीयांचे प्रार्थनेचे प्रहर, तिन्हीसांजेची आंजेलसची घंटा, धर्मगुरूच्या हातातील ब्रेव्हरी ही सारी त्याच कुळातली. म्हणूनच धर्मग्रामातील युवकांनी आमच्या मोबाईलमध्ये दिनदर्शिका, कामांची यादी आणि बोललेले लिहून घेणारी सोय बसवून दिली, तेव्हा आम्ही तिला परके मानले नाही. प्रायश्चित्तकाळात ही साधने नेमाने वापरून पाहावीत, असे ठरविले.

लाभ झाला, हे प्रथम सांगितले पाहिजे. मिस्सांचे हेतू, विवाहपूर्व भेटी, शाळेच्या सभा यांची गुंतागुंत दिनदर्शिकेने सोडविली. प्रवचनाची टिपणे फिरता फिरता बोलून लिहिता येऊ लागली. यंत्राला प्रमाण मराठी बरीच समजते. मात्र एका आजीबाईंची सामवेदी त्याच्या कानी घातली, तेव्हा पडद्यावर जे उमटले ते ऐकून आजीबाईंनाच हसू आवरेना. एक पथ्य आम्ही पहिल्या दिवसापासून पाळले. घराघरांतील दुखणी, भांडणे, विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी यांतले काहीही त्या यंत्रात लिहावयाचे नाही.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो. त्या १७ नावांची यादीही यंत्रात गेली. भेट झाली की नावापुढील वर्तुळाला बोट लावावयाचे. नावावर रेघ येते आणि अखेरीस सर्व कामे पूर्ण झाल्याचा संदेश झळकतो. 'दर महिन्याला' अशी खूण केली की यादी आपोआप पुन्हा उभी राहते. पुढच्या पहिल्या शुक्रवारी ती तशी उभी राहिली, आणि तिच्यात अशा एका मातेचे नाव होते, जिचा दफनविधी आम्ही आठवड्यापूर्वीच केला होता. यंत्राला पुनरावृत्ती ठाऊक होती; मृत्यू ठाऊक नव्हता. नाव काढून टाकण्याचे बटण समोरच होते. ते दाबण्यापूर्वी आम्ही ते नाव २ नोव्हेंबरच्या, सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या पानावर लिहून घेतले.

त्या दिवशी कार्यालयातील स्नानसंस्काराची जुनी नोंदवही आम्ही नव्या दृष्टीने पाहिली. धर्मसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात अशी वही असावीच लागते. बाळाचे नाव एकदा लिहिले म्हणजे तिचे काम संपत नाही. पुढे त्याचे दृढीकरण होते, विवाह होतो, किंवा कोणी गुरुदीक्षा घेतो, व्रतस्थ होतो. त्या त्या वेळी त्याच नोंदीशेजारी भर घातली जाते. साठ वर्षांपूर्वीच्या नोंदीपुढेही समासात जागा शिल्लक असते. यादीत काम पूर्ण होते. नोंदवहीत माणूस पूर्ण होत नाही.

म्हणून यंत्राशी वैर धरावे, असे मात्र नव्हे. येशूसंघीय इटालियन धर्मगुरू रोबेर्तो बुसा संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनात 'उपस्थिती' या कल्पनेचा शोध घेत होते. ती कल्पना मोठमोठ्या शब्दांपेक्षा लॅटिनमधील 'इन' या इवल्याशा शब्दाशी, म्हणजे आपल्या 'मध्ये'शी, निगडित आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. तेवढ्यासाठी त्यांनी सुमारे १० हजार कार्डे हाताने लिहिली. पुढे १९४९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांची भेट घेतली आणि यंत्राचे साहाय्य मिळविले. सुमारे ३० वर्षांच्या परिश्रमांतून संत थॉमस यांच्या शब्दांची ५६ खंडांची सूची सिद्ध झाली. शब्द हुडकण्याचे कष्ट यंत्राने हलके केले. उपस्थितीचा अर्थ शोधणे माणसाकडेच राहिले.

पास्काचा सण झाला, तरी आमची दिनदर्शिका चालूच आहे. आजाऱ्यांची यादी मात्र आता साध्या टिपणात आहे. तेथे केवळ नावे आहेत, वर्तुळे नाहीत. प्रिय वाचकहो, आपल्याही घरी ही साधने आली आहेत. ती जरूर वापरावीत. त्यांनी वाचविलेला अर्धा तास कोणाच्या खाटेशेजारी, कोणाच्या ओट्यावर बसून खर्च झाला, एवढे मात्र दिवसाअखेरी स्वतःला विचारावे.