सोवळ्यातले अंडे

उकळत्या पाण्याच्या ऐन मध्यावर तरंगत असूनही ज्याच्या अंगाला पाण्याचा थेंबही लागलेला नाही, अशा अंड्यास पाण्यात शिजविलेले अंडे म्हणावे की न म्हणावे, हा प्रश्न कोणत्याही विचारी गृहस्थाने आपली सकाळ खर्ची घालावी इतक्या योग्यतेचा नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु प्रश्नांना स्वतःची योग्यता ठाऊक नसते, आणि ज्यांची दाद लावणारी कोणतीही कचेरी अस्तित्वात नाही, तेच प्रश्न माणसाच्या दाराशी सर्वांत चिकाटीने तगादा लावून बसतात.

अंडे असे तरंगत शिजविण्याच्या सिलिकोनच्या वाट्यांविरुद्ध माझी तक्रार नाही, हे प्रारंभीच नमूद करून ठेवतो. आतून तुपाचे बोट फिरवावे, अंडे अलगद फोडून आत सोडावे, वाटी मंद उकळणाऱ्या पाण्यावर तरंगत ठेवून भांड्यावर झाकण घालावे, आणि सहा-सात मिनिटांनी ती उलटी करून बुडाला अंगठ्याने किंचित दाबावे, की गुळगुळीत कडांचा, कोठेही न विस्कटलेला एक पांढरा घुमट ताटलीत उतरतो. याच्या मानाने उघड्या पाण्यात अंडे सोडणे हे साहसच होय. अंड्याचे पांढरे एकजिनसी नसते. त्यातील दाट भाग बलकाला बिलगून राहतो, आणि पातळ भाग पाण्यात पडताच चिंध्या होऊन पसरतो. अंडे ताजे असेल तोवर दाट भागाचा अंमल चालतो. पण कवचावरील हजारो सूक्ष्म छिद्रांतून आतला कार्बन डायऑक्साइड वायू दिवसेंदिवस निसटत जातो, पांढरे अधिकाधिक अल्कधर्मी होते, आणि दाटपणाची ती मिरास हळूहळू खालसा होते. तीस-तीस अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधून कोठल्या गावाहून आणि किती दिवसांनी आपल्या दुकानात आले, याचा दाखला न देणाऱ्या अंड्याला म्हणूनच वाटी सोयीची. ती वयाची चौकशी करीत नाही. आणि उघड्या पाण्याचा धसका काही सिलिकोनबरोबर जन्मास आलेला नाही. मिसेस बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेवरील जाडजूड इंग्रजी ग्रंथातही या कामासाठी पत्र्याचे खास पात्र दाखविलेले आहे.

आमच्या कुलाबा जिल्ह्यातील घरी असे पात्र नव्हते. परंतु ‘ते भांडे’ होते. ते ॲल्युमिनियमचे, एका बाजूने चेपलेले पातेले मागील पडवीच्या कोपऱ्यात पालथे असे, त्याला दुसरे नाव नव्हते, आणि त्याने उंबरठा ओलांडू नये हा दंडक कोणी कधी उच्चारलेला माझ्या ऐकिवात नाही, कारण जो नियम सर्वांना ठाऊक असतो त्याला उच्चाराची गरज पडत नाही. मी अशक्त होतो आणि डॉक्टरांनी अंडे सांगितले होते. म्हणजे अंडे आमच्या घरात आले ते अन्न म्हणून नव्हे, तर औषधाच्या परवान्यावर. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते, साहेबांच्या फिरतीबरोबर त्यांनाही डाक बंगल्यांवर मुक्काम करावा लागे, आणि तेथल्या एका खानसाम्याकडून ही विद्या त्यांनी हस्तगत केली होती : पाण्याला उकळी आणावयाची, स्टोव्ह मंद करावयाचा, लिंबाचे चार थेंब पिळावयाचे, आणि अंडे बशीत फोडून पाण्याच्या अगदी कडेशी नेऊन सोडावयाचे. पुढे किती वेळ थांबावयाचे, हेही खानसाम्याने सांगितलेच असणार. परंतु वडिलांचे घड्याळ दुरुस्तीला गेलेले असे, आणि हा कालनिर्णय, कोणतीही अधिकृत नेमणूक न होता, आत्याकडे गेला.

आत्या बालविधवा. सकाळी सोवळ्यात माजघरात बसून ती स्तोत्रे म्हणे, आणि माजघर व पडवी यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती. ती भीमरूपी सुरू करी त्या सुमारास वडील अंडे पाण्यात सोडीत. ती फलश्रुतीच्या शेवटास येई तेव्हा झारा पाण्यात जाई. बलक बोटाने दाबला तर हलावा, पण फुटू नये, इतका बेताचा शिजलेला असे. पांढऱ्याचा काही भाग ६२ अंश सेल्सियसच्या आसपास धरू लागतो, मुख्य भागाला ८० अंशांची आच लागते, आणि बलक मधल्यामध्ये ६५ ते ७० अंशांवर घट्ट होऊ लागतो, अशी ही मोठी अडचणीची तजवीज आहे. ती भीमरूपीने दररोज निभावून नेली. आता मला जे सुटत नाही ते असे : हे आत्याला ठाऊक होते काय? कधी स्टोव्ह नीट पेटलेला नसला, की तिचे स्तोत्र रेंगाळल्यासारखे वाटे. कधी स्टोव्ह फारच फुरफुरू लागला, की शेवटची कडवी ती घाईने उरकी. की हे सारे मी आता, इतक्या वर्षांनी, तिच्या तोंडी घालतो आहे? अंड्याचा उच्चार तिने जन्मात केला नाही. स्टोव्हचा आवाज मात्र तिला ऐकू येत होता, इतके निश्चित.

वडील तिच्या सोवळ्याची थट्टा करीत, आणि ती करताना त्यांची ठरलेली म्हण होती : सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. ही म्हण आपण सामान्यतः उपहासाने वापरतो. इनाम गेलेल्या इनामदाराने पगडी तिरपी ठेवली की आपण ती म्हणतो, आणि तिचा न्याय इतका उघड वाटतो की तिची फेरतपासणी करावी असे कोणाच्या मनात येत नाही. माझ्या मनात आले, आणि मी परसात काथ्याच्या सुंभाचा एक तुकडा जाळून पाहिला. पीळ खरोखरच राहतो. राखेचा, करड्या रंगाचा, वेटोळ्यावेटोळ्यांनी वळलेला असा एक सुंभ विटेवर पडून असतो, आणि पाहणाऱ्याला वाटावे की तो अजून घागर विहिरीतून वर ओढील.

परंतु सुंभ म्हणजे तरी काय? खाडीच्या मचूळ पाण्यात कित्येक महिने कुजत घातलेली नारळाची सोडणे बडवून जो काथ्या निघतो, त्याचा एकही धागा वीतभरापेक्षा फारसा लांब नसतो. या आखूड धाग्यांतून दहा पुरुष खोल विहिरीस पुरेल अशी दोरी होते ती केवळ पिळामुळे, एकाने दुसऱ्याला दाबून धरल्यामुळे. पीळ काढून घेतला तर हातात काथ्या उरतो, सुंभ उरत नाही. मग पीळ हा सुंभाचा अवगुण कसा? उलट, जे जळाले ते सुंभाचे द्रव्य, आणि जे राहिले तेच त्याचे सुंभत्व, असे म्हणावे लागेल, आणि तसे म्हटले की म्हणीतील उपहास निम्मा ओसरतो. निम्माच; कारण राखेच्या पिळाने काही बांधता येत नाही, हेही खरे, आणि तो नुसत्या बोटाने मोडतो, हेही मी पाहिले. आत्याच्या पिळाने मात्र काही बांधले होते. वेगळे भांडे, वेगळी जागा, वेगळा स्टोव्ह, मध्ये भिंत : या अलिखित तहनाम्यामुळेच ती आणि अंडे एका छपराखाली राहू शकले. तिने संमती दिली असती तर ती तिची उरली नसती, आणि हरकत घेतली असती तर मी कदाचित उरलो नसतो. सोवळ्याने तिला दोन्हींवाचून निभावण्याची मुभा दिली.

येथवर विचार आला की मला तो आवडू लागतो, आणि म्हणूनच मी त्याजकडे संशयाने पाहतो.

कारण त्या तहनाम्यात आणखी एक पक्ष होता, ज्याची सही कोणी मागितली नव्हती. अंडी घेऊन येणारी बाई अंगणात, तुळशीवृंदावनाच्याही अलीकडे थांबे. तिच्या टोपलीत भाताचे तूस भरलेले असे आणि त्यात अंडी पुरलेली असत. उन्हातून आलेल्या त्या बाईला पाणी हवे असे, आणि पाणी दिले जाई. नाही असे नाही. ती ओंजळ करी आणि आई वरून, हातभर उंचीवरून, तांब्याची धार सोडी. हे त्याच जिल्ह्यात, जेथे महाडास १९२७ सालच्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले होते, आणि त्या तळ्याच्या हक्काचा निकाल मुंबईच्या हायकोर्टाकडून अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडावे लागले. मी ती धार पाहिली ती त्यानंतरची, स्वराज्यातली. तिला अंडे हाताळता येत होते, ते आमच्या भांड्यात फुटत होते आणि माझ्या पोटात जात होते; तांब्या तेवढा तिच्या हाती जात नव्हता. आत्याच्या भिंतीने तिला आणि मला एका घरात राखले, आणि त्याच भिंतीचा अंगणातला भाग त्या बाईला उन्हात उभी करीत होता. पीळ एकच. तो कोठे बांधतो आणि कोठे करकचतो, याचा तपशील वेगळा काढता येईल असे मला काही काळ वाटत असे.

त्या तुसावरून आठवले. भाताचे तूस जाळले तर जी राख राहते तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य असते, आणि तुसाचा आकारही तीत बराचसा टिकून राहतो. सिलिकोनचा मूळ कच्चा मालही वाळूच. नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञाने हयातीचा मोठा भाग या संयुगांत घालविला, आणि १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात या शाखेत नजीकच्या काळात महत्त्वाची प्रगती होण्याची फारशी आशा दिसत नाही, असा अभिप्राय नोंदविला; तीनच वर्षांनी, १९४० मध्ये, अमेरिकेत यूजीन रोचो याने ती विपुल प्रमाणात करण्याची कृती शोधून काढली. म्हणजे अंडे तेव्हाही वाळूच्या कुळातील वस्तूत विसावले होते आणि आजही विसावते, असा एक योग येथे जुळवून देता येईल. असले योग जुळविण्याची लिहिणाऱ्यांना खोड असते. त्यातून सिद्ध काहीच होत नाही.

आणि ज्या शंकेने हे सारे प्रकरण उपस्थित झाले तिचे म्हणाल, तर तीही आता पूर्वीइतकी साफ राहिलेली नाही. वाटीतल्या अंड्याला पाणी लागत नाही, हे माझे गृहीतकच तपासणीत टिकले नाही. झाकण काचेचे असल्यामुळे आत काय चालते ते दिसते : पाण्याची वाफ वर जाते, काचेवर थेंब धरतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि सरळ वाटीत पडतात; घुमटाच्या तळावर, म्हणजे वाटीत असता जो वरचा सपाट भाग असतो त्यावर, चमचाभर पाणी साचते. झाकण न घातले तर वरचे पांढरे कच्चे राहते. तेव्हा हे अंडे पाण्याला शिवते, फक्त वरून. याला काय म्हणावयाचे ते मला सुचत नाही, आणि सुचते ते म्हणवत नाही.

परवा गवळ्याने चीक आणून दिला. सूनबाईंनी विचारले की, “बाबा, खरवस या वाट्यांतच वाफवू का? छान सुटून येईल.” प्रस्ताव अत्यंत योग्य होता. मी म्हणालो, सिलिकोनला वास धरतो. हे असत्य नाही. तेल आणि वास ही वस्तू खरोखरच धरून ठेवते, आणि अंड्याचा वास असलेला खरवस कोणी खाणार नाही. परंतु सूनबाईंनी वाट्या सोड्याच्या पाण्यात उकळून, उन्हात वाळवून माझ्या नाकाशी आणल्या तेव्हा कसलाही वास येत नव्हता, आणि मी, ज्याने तिन्ही त्रिकाळ सोवळे उभ्या आयुष्यात पाळले नाही, म्हणालो की थोडा देवापुढे ठेवावयाचा असतो, तेवढा स्टीलच्या डब्यात लावावा. सूनबाईंनी मान डोलावली. त्यांनी सर्वच खरवस स्टीलच्या डब्यात लावला, तो माझ्या म्हणण्याचा मान राखण्यासाठी की वाद टाळण्यासाठी, हे मी विचारले नाही, आणि वाट्या कोणत्या खणात ठेवावयाच्या हा मुद्दा तूर्त तहकूब आहे.