आतून उघडणारं दार

आईच्या माहेरी, पेडण्यात भगवतीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या घरात, मुख्य दाराला फणसाच्या लाकडाचा अडसर होता. पहाटे तो काढायचं काम आईचं. एका हाताने ती तो भिंतीतल्या खोबणीत सरकवायची आणि न्हाणीघराचा धूर, ओल्या पातेऱ्याचा वास आत यायचा.

डिचोलीला आमच्या घरी दुसरंच कुलूप होतं, बाबांच्या ट्रकचं. खाणीवरची तांबडी धूळ त्यात जाऊन बसे. रविवारी बाबा ते रॉकेलने धूत, तेलाचा थेंब सोडत आणि मग केबिनमध्ये बसून दार आतून उघडून बघत. "भायरसून उघडलं नाय तर माणूस चलत घरा येतलो. आतसून उघडलं नाय तर?" एवढंच म्हणत. २०१२ साली खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात उभा राहिला, तरी त्यांचं ते रविवारचं काम चुकलं नाही.

माझ्या जुन्या गाडीला मी सेंट्रल लॉक बसवून घेतलं ते आईसाठीच. संधिवाताने तिची बोटं वाकली होती. गेल्या जुलैत तिला पेडण्याला नेलं. कोलवाळचा पूल ओलांडला, घरासमोर गाडी लावली, माझ्या दाराचं बटण वर ओढलं. मागचं दार उघडेना. ती आतून बटण चिमटीत धरत होती आणि ते तिच्या बोटांतून निसटत होतं. मोटर बसवलेलं बटण हाताने ओढायला जडच जातं, मोटरीचे दातेही त्यासोबत फिरवावे लागतात. मी पुढून हात घालून ते बटण ओढलं आणि पावसात धावत जाऊन दार उघडलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

एका गॅरेजने सगळा सेटच बदलायला सांगितला होता. पेडण्याच्या बाजारातल्या तरुण वायरिंगवाल्याने आधी विचारलं, "दादा, बंद होता मरे?" बंद व्हायची चारही दारं, उघडायची नाहीत. "मग फ्यूज बरो, मोटरी बऱ्यो." कारण बंद करणारी मोटर तीच, करंट उलटा दिला की ती उलट फिरून उघडते. बिघडला होता तो फक्त 'उघड' हा निरोप, आणि तो निघतो चालकाच्या दारातून.

त्या दारातून पाच तारा निघतात: निळी आणि हिरवी मोटरीच्या, पांढरी, तपकिरी, काळी निरोपाच्या. दार आणि खांबामधली घड्यांची रबरी नळी त्याने मागे सरकवली. तपकिरी तार वरून धड होती. त्याने ती हलकेच ताणली, तर आवरण रबरासारखं लांबलं. आतलं तांबं तुटून हिरवं पडलं होतं. दार उघडताना रोज वाकणारी जागा तीच, आणि नळी फाटलेली असल्याने पाणीही तिथेच मुरलेलं. त्याने तारेचा नवा तुकडा जोडला, पण सांधे वाकणाऱ्या जागेवर ठेवले नाहीत. एक दारात घेतला, एक डॅशबोर्डखाली. नळीही नवी घातली. माझ्या मते कारागीर ओळखावा तो इथे.

मग मी आईच्या जागेवर, मागे जाऊन बसलो.

तुमच्या गाडीत म्हातारं माणूस किंवा लहान मूल बसत असेल, तर पावसाआधी एकदा मागच्या सीटवर बसा, दारं लॉक करायला लावा, आणि आतून उघडून बघा. दाराच्या कडेचा चाइल्ड लॉकचा खटकाही तपासा. पाच मिनिटांचं काम आहे. याच रविवारी करा.